ई46 एम3 चे मागचे बुश: गॅरेजमध्ये केलेल्या एका कामाची पूर्ण नोंद

गाडी 2004 सालची बीएमडब्ल्यू एम3, ई46 (त्या पिढीचं कंपनीचं नाव) कूपे, सहा गिअरची मॅन्युअल, 92,000 मैल धावलेली. मुक्काम न्यू जर्सीत, म्हणजे दर हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाशी गाठ. तिकडे गॅरेजचे मजुरीचे दर ऐकले की अनेक मराठी घरांत शनिवार-रविवारी जॅक आणि स्टँड बाहेर निघतात, आणि ही गाडी त्यासाठी चांगली आहे: रचना सरळ, भाग सहज मिळणारे. पण मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचं, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबराचं, काम दिसतं तेवढं सोपं नाही. बुश बदलला जातो, पण त्याचा कोन चुकतो, आणि वर्षभरात तेच काम पुन्हा करावं लागतं. ही नोंद मुख्यतः त्या कोनाबद्दल आहे.

तक्रार काय होती

हायवेवर सरळ जाताना मागचा भाग किंचित डुलायचा. काँक्रीटच्या रस्त्यावरच्या लांब खाचांवर चाक चढलं की गाडी त्या खाचेमागे ओढली जायची. वळणात अॅक्सिलरेटर अचानक सोडला की मागचं टोक एक पाऊल बाजूला सरकल्यासारखं वाटायचं, पुन्हा दिला की परत जागेवर. टायर 255/40, 18 इंची. डाव्या मागच्या टायरची बाहेरची नक्षी अजून 5 मिमी शिल्लक होती आणि आतल्या कडेला तारा दिसत होत्या. उभ्या गाडीकडे मागून पाहिलं तर काहीच कळत नाही, कारण कँबरमुळे, म्हणजे चाकाच्या आतल्या झुकावामुळे, ती कड आत झाकलेली असते. त्यामुळे या गाड्यांमध्ये हात आत घालून टायरची आतली कड चाचपणं ही सवयच असायला हवी.

कारण समजून घ्यायचं तर आर्मकडे पाहावं लागतं. ही मागची रचना बीएमडब्ल्यूने आधी झेड1 या मॉडेलवर 1989 मध्ये आणली आणि 1990 मध्ये ई36 ला, म्हणजे ई46 च्या आधीच्या पिढीला दिली. ई46 मध्ये मूळ कल्पना तीच आहे. प्रत्येक बाजूला एक मोठा ट्रेलिंग आर्म, त्याच्या मागच्या टोकाला चाक, आणि वर-खाली दोन आडव्या लिंका. पुढचं टोक एका रबरी बुशमधून गाडीच्या शरीराला बोल्ट केलेल्या लोखंडी पॉकेटमध्ये बसतं. चाक वर-खाली होताना आडव्या लिंका आर्मला आपापल्या वर्तुळात फिरवतात, म्हणून पुढच्या टोकाला नुसतं वर-खाली फिरणं पुरत नाही. थोडं पिळणंही लागतं, थोडं आडवं वळणंही. हे सगळं तो एकटा बुश करतो. म्हणूनच तिथे रबर आहे, आणि म्हणूनच तोच आधी थकतो.

आर्मचं पुढचं टोक बाहेर सरकलं की चाकाची पुढची कडही बाहेर वळते. या आत-बाहेर वळण्याच्या कोनाला टो म्हणतात. बुशपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ढोबळ हिशेबासाठी 40 सेंमी धरलं, तर पुढे 1 मिमी सरकलं की टो साधारण 8 ते 9 मिनिटांनी बदलतो. म्हणजे दर किलोमीटरला ते चाक जवळजवळ अडीच मीटर आडवं घासतं. फाटलेला बुश 2-3 मिमी सहज सोडतो. टायर आतून का खाल्ला जातो आणि वळणात गाडी का सरकते, दोन्हीचं उत्तर याच हिशेबात आहे.

तपासणी

गाडीचं मागचं टोक स्टँडवर घेतलं. पॉकेट आणि आर्म यांच्यामध्ये 45 सेंमीची पहार घालून आडवी दाबली. उजवा बुश किंचित हलला आणि लगेच परत आला. डावा आधी सहज सरकला आणि मग कुठेतरी टेकला, परत येतानाही ढिलाच. बॅटरीच्या उजेडात मधल्या लोखंडी नळीभोवती रबर सुटल्याची चकती स्पष्ट दिसली, कडेला काळी भुकटी. उजवा अजून फाटला नव्हता. पण एकच बाजू बदलली तर दोन्ही चाकं वेगळी वागतात आणि गाडी एका वळणाला बरी, दुसऱ्या वळणाला वेगळी होते. हे बुश नेहमी जोडीनेच बदलायचे.

एम3 मध्ये चाकाकडच्या बाजूला बॉल जॉइंट आहेत, त्यांनाही सोडलेलं नाही. चाक वरून-खालून धरून हलवलं आणि दुसऱ्याने त्याच वेळी जॉइंटवर बोट ठेवलं. प्ले (ढिलेपणा) बोटाला कळतो, डोळ्याला कळत नाही. चारही घट्ट, रबरी बूट अखंड, म्हणून ते तसेच ठेवले. तिसरी तपासणी ई46 साठी सक्तीची: मागचा सबफ्रेम (मागच्या लिंका धरणारी चौकट) शरीराला जिथे बोल्ट होतो त्या चारही जागांभोवतीचा पत्रा. या पिढीत तिथे तडे जातात, आणि तसा तडा असेल तर नवीन बुशचे पैसे वाया गेले म्हणायचे, कारण आधी वेल्डिंगचं मोठं काम करावं लागतं. तारेच्या ब्रशने चिखल काढून, सीलरवरच्या रेषा बोटाने चाचपून पाहिलं. इथे पत्रा शाबूत होता.

एक जागा मात्र सुटली: मागच्या शॉक अॅब्सॉर्बरचे वरचे माउंट, म्हणजे शॉक शरीराला जोडणारा रबरी भाग. त्याची किंमत शेवटी मोजावी लागली.

कुठला बुश

पर्याय तीन. मूळ रबर, पॉलियुरेथेन, आणि धातूचा गोल बेअरिंग. ट्रॅकसाठी बेअरिंग उत्तम, पण रस्त्यावर ते प्रत्येक खडा पाठीला कळवतं आणि मीठ-पाण्यात लवकर खडखडतं. घन पॉलियुरेथेन वर-खाली फिरतं, पण पिळायला तयार होत नाही, आणि ही रचना पिळ मागते. अडलेली हालचाल मग पॉकेटच्या बोल्टवर आणि पत्र्यावर जाते, तीही अशा पिढीत जिथे पत्र्याचीच चिंता आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या एम3 साठी मूळ दर्जाचं रबर आणि सोबत लिमिटर घ्यावं हेच ठाम मत. लिमिटर म्हणजे बुशच्या दोन्ही बाजूंना पॉकेटच्या आत बसणाऱ्या पातळ चकत्या. त्या फिरण्याला आड येत नाहीत, फक्त आडवं सरकणं रोखतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

भाग मागवताना गाडीच्या चॅसी क्रमांकाचे शेवटचे सात अंक देऊन घ्या. सोबत घेतलं: दोन बुश, लिमिटरची जोडी, मधला बोल्ट आणि नवीन लॉकनट दोन्ही बाजूंसाठी, पॉकेटचे सहा बोल्ट. गंजलेले बोल्ट पुन्हा वापरून दहा डॉलर वाचवण्यात काही अर्थ नाही.

हत्यारं: बुश काढण्या-घालण्याचा स्क्रू-पुलर (काही दुकानं तो भाड्यानेही देतात), 18 चे सॉकेट आणि पाने, 1/2 इंची टॉर्क रेंच, लांब दांडा, हीट गन, डिजिटल कोनमापक, पांढरा पेंट मार्कर, दोन रॅम्प आणि चार स्टँड. पुलरचे कप घेण्यापूर्वी बुशची बाहेरची कडी आणि आर्मचं भोक कॅलिपरने मोजा. ढकलणारा कप बुशपेक्षा जरासा लहान आणि झेलणारा कप जरासा मोठा लागतो. एका बाजूलाही गडबड झाली तर कप आर्मलाच चावतो.

कोनाचं काम, गाडी उचलण्याआधी

हे रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कडीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळतं. मधला बोल्ट आवळला की आतली नळी पॉकेटला कायमची पकडली जाते. त्या क्षणी आर्म जिथे असेल तीच रबराची विश्रांतीची जागा. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर दिवसभर पिळलेलंच राहतं. प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं आणि नळीपाशी फाटायला लागतं.

बाकीच्या बऱ्याच गाड्यांत उपाय सोपा: सगळं ढिलं जोडा, गाडी जमिनीवर आणा, मग आवळा. इथे ते जमत नाही. पॉकेट शरीराला लागलं की मधल्या बोल्टला हत्यार पोचत नाही. पॉकेट आर्मवर बसवून, बोल्ट आधी आवळून, मग संपूर्ण जोड शरीराला लावावा लागतो. म्हणजे कोन आधीच बरोबर धरायला हवा. कंपनीची खास पट्टी असते, पण तिच्याशिवाय अधिक खात्रीची एक पद्धत आहे.

मागची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवली, टाकी भरलेली, पुढच्या चाकांना अडथळा, गिअर टाकलेला. बंपर चार-पाच वेळा दाबून सोडला म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसते. गाडी आपल्या टायरवर उभी असल्याने आर्म अगदी चालताना असतो त्या उंचीवर आहे. आता पॉकेटच्या भिंतीवरून आर्मवर जाणारी एक सरळ रेघ मार्करने मारली. पॉकेटवर कोनमापक ठेवला, आकडा घेतला, आर्मच्या सपाट भागावर ठेवला, आकडा घेतला. दोन्हींतला फरक हा हवा तो कोन. दोन्ही बाजूंचे वेगळे आकडे कागदावर, रेघांचे फोटो. जुना बुश फाटलेला असला तरी चालतं, कारण पॉकेट शरीराला घट्ट आहे आणि आर्मची उंची स्प्रिंग ठरवते. लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या) लावलेल्या गाडीत तर हीच पद्धत बरी, कारण कंपनीचा कोन कंपनीच्या उंचीसाठी असतो.

हेच माप स्टँडवर जॅकने हब (चाक ज्याला बोल्ट होतं तो भाग) उचलूनही घेता येईल असं वाटतं. तो मार्ग नको. हब चालत्या उंचीला आला की त्या कोपऱ्याचं पूर्ण वजन जॅकवर असतं. सुमारे 1,550 किलोची गाडी, म्हणजे एका कोपऱ्यावर चारशे किलोच्या आसपास. त्या बाजूचा स्टँड जवळजवळ रिकामा झालेला असतो, आणि आपण खाली झोपलेलो असतो.

रॅम्पवर असतानाच आणखी एक खूण: पॉकेट शरीरावर कुठे बसलंय त्याची बाह्यरेखा तीन बाजूंनी. पॉकेटचे बोल्ट जिथून जातात तिथे थोडी सरकायला जागा ठेवलेली असते आणि मागच्या चाकाचा टो तिथूनच लावला जातो. ही खूण घरापासून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती, त्याहून जास्त नाही.

सोडवणं

प्रत्येक पॉकेटच्या तीन बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलं, सकाळी पुन्हा. चाक काढलं, गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर, हँडब्रेक सोडलेला, म्हणजे त्याची केबल आर्म खाली येताना ताणत नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकपॅडच्या सेन्सरची वायर क्लिपमधून काढली. पॉकेटच्या जवळच ब्रेकची धातूची नळी आणि रबरी होज यांचा जोड कंसात बसलेला असतो. तो कंसातून मोकळा केला. हे विसरलं तर आर्म खाली दाबताना ती नळी वाकते, आणि मिठाने पोखरलेली नळी वाकली म्हणजे नवीन नळी आणि ब्रेक ब्लीडिंग पदरात. झेनॉन दिवे असलेल्या गाडीत मागच्या एका आर्मला दिव्यांची पातळी सांगणारा सेन्सर जोडलेला असतो, त्याचा दांडा आधी सोडवा.

आर्मखाली जॅक टेकवून शॉकचा खालचा बोल्ट काढला, म्हणजे आर्मला खाली यायला जागा मिळते. इथे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे आहेत. शॉक सुटला की आर्म खाली येताना स्प्रिंग मोकळी होऊ शकते, तेव्हा जॅक हळू उतरवा आणि हात स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका.

उजव्या बाजूचे तीनही बोल्ट सरळ आले. डावीकडचा आतला बोल्ट पाव फेरा आला आणि अडला. अशा वेळी दांडा लांब करून जोर लावायचा मोह होतो. शरीरातला नट आतून बसवलेला आहे. त्याचे आटे गेले किंवा तो सुटून फिरायला लागला तर कापाकापीशिवाय इलाज नाही. पाव फेरा मागे, पुन्हा तेल, अर्धा फेरा पुढे, पुन्हा मागे. वीस मिनिटं लागली, बोल्ट अखंड निघाला, आट्यांत तपकिरी गंजाची पेस्ट भरलेली. नंतर आतले आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) नुसते साफ करून घेतले, कापले नाहीत.

आर्म पहारीने खाली ओढून लाकडाचा ठोकळा अडकवला. मधला बोल्ट काढून पॉकेट वेगळं केलं आणि त्यावर लगेच डावं-उजवं लिहिलं.

बुश काढणं आणि घालणं

जुना बुश काढण्याआधी तो आर्ममध्ये कसा वळवून बसवलाय त्याची खूण आर्मवर मारा आणि समोरून फोटो घ्या. रबराची जडणघडण सगळ्या दिशांना सारखी नसते. नवीन बुश वळवून बसला तर आडवा ताठपणा उभ्या दिशेला जातो. ही चूक बाहेरून दिसत नाही.

पुलरच्या दांड्याच्या आट्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस आणि नटाखाली थ्रस्ट बेअरिंग. सुकं लोखंड सुक्या लोखंडावर दाबात फिरलं की आटे एकमेकांना चिकटतात, म्हणून पुलरवर इम्पॅक्ट गन नको. आर्मचं भोक हीट गनने तापवलं, हात लावला तर चटका बसेल इतपत. ज्योत वापरू नका. जळत्या रबराचा धूर विषारी असतो आणि ब्रेकची होज शेजारीच आहे. उजवा बुश एका ठक आवाजाने निघाला. डाव्याचं रबर आणि नळी निघाली, बाहेरची कडी भोकातच राहिली. हॅकसॉचं पातं आतून घालून कडी एका रेषेत कापली, आर्मच्या धातूला पोचण्याआधी थांबलो, मग छिन्नीने कडा आत वळवल्या. कडी आपोआप ढिली पडली. पातं आर्ममध्ये शिरलं तर त्या खाचेत पुढे गंज धरतो आणि नवीन कडीची पकड तिथे कमी होते.

भोक तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ केलं. नवीन बुशला साबणाचं पाणी लावलं. पेट्रोलियम ग्रीस रबराला फुगवतं, ते नकोच. सुरुवातीचा पाव इंच महत्त्वाचा: बुश सरळ शिरतोय ना, चारही बाजूंनी अंतर सारखं ना, हे प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर पाहायचं. तिरका शिरला तर ताबडतोब बाहेर. जोर लावून सरळ होत नाही, कडी दुमडते.

मग लिमिटर, पॉकेट, नवीन बोल्ट, नट हाताने. पांढऱ्या रेघा जुळवल्या, कोनमापकाने फरक कागदावरच्या आकड्याशी ताडला. आवळताना पॉकेट बोल्टबरोबर फिरू पाहतं, म्हणून दुसऱ्याने पहारीने अडवून धरायचं, आणि 110 न्यूटन-मीटर झाल्यावर कोन पुन्हा मोजायचा. डावीकडे तो दोन अंशांनी सरकला होता. ढिलं करून परत केलं.

आता पॉकेट शरीरापाशी नेलं की भोकं जुळत नाहीत आणि माणूस घाबरतो. ते बरोबरच आहे: आर्म लोंबकळतोय आणि पॉकेट चालत्या उंचीच्या कोनात घट्ट आहे. हबखाली जॅक लावून हळू उचललं की पॉकेट आपोआप फिरून समोर येतं. तीनही बोल्ट आधी बोटांनी किमान चार आटे, मग बाह्यरेखेवर पॉकेट जुळवून 77 न्यूटन-मीटर. शॉकचा खालचा बोल्ट 100, चाकाचे बोल्ट 120. ब्रेकची नळी कंसात परत, वायरी क्लिपमध्ये.

पहिल्या बाजूला साडेचार तास, दुसरीला कापाकापी धरून तीन.

नंतर काय निघालं

सरळ रस्त्यावरचं डुलणं थांबलं, काँक्रीटच्या खाचांचं ओढणं नाहीसं झालं. पण छोट्या खड्ड्यावर मागून उजवीकडे टक असा एकच सुका आवाज येत राहिला. आधी शंका नवीन बुशवरच गेली. पॉकेटचे बोल्ट तपासले, टॉर्क जागेवर. मग डिकीचं अस्तर बाजूला करून एकाने शॉकच्या वरच्या माउंटवर तळहात ठेवला आणि दुसऱ्याने बंपर दाबला. आवाज थेट हाताला लागला: माउंटचं रबर फाटून शॉकचा दांडा पत्र्याला ठोकत होता. ई46 मध्ये हा भाग बुशइतकाच नाजूक आहे, आणि शॉकचा खालचा बोल्ट आधीच सुटलेला असताना हे माउंट अर्ध्या तासात झालं असतं. पहिल्या दिवशीच्या तपासणीत डिकी उघडायला हवी होती. ट्रेलिंग आर्मचे बुश मागवताना ही माउंटची जोडीही सोबत मागवा.

चार चाकांचं अलाइनमेंट दुसऱ्याच दिवशी करून घेतलं. डाव्या मागच्या चाकाचा टो बाह्यरेखेवर पॉकेट बसवूनही 12 मिनिटं बाहेर होता. जुनं अलाइनमेंट फाटलेल्या बुशवर केलेलं, त्यामुळे जुनी खूणच चुकीच्या जागी होती. पॉकेटचे बोल्ट ढिले करून ते आत आणलं. दुकानदाराला आधीच सांगा की टो पॉकेटवरून आणि कँबर खालच्या लिंकेच्या एक्सेन्ट्रिक (फिरवला की लिंक सरकवणाऱ्या) बोल्टवरून लागतो, आणि पॉकेट पुन्हा 77 वरच आवळायचं.

मागचे दोन्ही टायर त्याच दिवशी बदलले. आतून खाल्लेला टायर बरोबर टो मिळाल्यावरही एका बाजूला ओढतो आणि नवीन बुशची परीक्षा चुकीची होते. पॉकेटच्या सहाही बोल्टांच्या डोक्यावरून पत्र्यावर जाणारी पेंटची एकेक आडवी रेघ मारून ठेवली. 300 मैलांनंतर खाली वाकून पाहिलं, एकही रेघ तुटलेली नव्हती.